टिपणं माझी, नावावर कुणाच्या?

पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांची माहिती आम्ही तिघं गेली काही वर्षं जमवतो आहोत. कुणी जुन्या भाडेकरूंशी बोलतं, कुणी नकाशे धुंडाळतं, कुणी फोटो काढतं. सगळ्यांची टिपणं साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये असतात आणि भाड्याने घेतलेल्या एका सर्व्हरवरच्या एकाच फोल्डरात जाऊन पडतात. माझ्याकडे मॅक आहे, मित्राकडे उबुंटू, मैत्रिणीकडे विंडोज, सर्व्हरवर डेबियन. एका रविवारी मी सगळी टिपणं नव्या सर्व्हरवर हलवली. अर्ध्या तासात काम झालं, एकही फाइल गहाळ झाली नाही. संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला, ‘अरे, मला सगळं वाचता येतंय, पण एक ओळ वाढवता येत नाहीये.’

सर्व्हरवर जाऊन मी फाइलींची यादी काढली. मालकाच्या रकान्यात नावच नव्हतं, नुसता आकडा होता: ५०१. पुढे ग्रुपच्या रकान्यात ‘डायलआउट’. मोडेम आणि सीरियल पोर्ट वापरणाऱ्यांसाठी डेबियनने राखून ठेवलेला हा ग्रुप. शनिवारातल्या एका वाड्याच्या टिपणाच्या मालकीहक्कात मोडेमचा ग्रुप कसा आला, हे समजून घेताना जे कळलं, वाचलं आणि पुढे करून पाहिलं, त्याचा हा आढावा. आपली टिपणं परक्या कंपनीच्या ॲपमध्ये न ठेवता स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणारे लोक आता बरेच झाले आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांची गाडी पहिल्या महिन्याभरात याच जागी अडते. (कमांड इथे आपण बोलतो तशाच लिहिल्या आहेत.)

आपल्याकडे आठ-अच्या उताऱ्यावर खाते नंबर असतो. तो त्या गावापुरता असतो. या गावातलं ४५ नंबरचं खातं एकाचं, शेजारच्या गावातलं ४५ नंबरचं खातं दुसऱ्याच कुणाचं. लिनक्स आणि मॅकवर फाइलीचा मालक नेमका असाच नोंदवलेला असतो. डिस्कवर फाइलीच्या नोंदीत, म्हणजे इनोडमध्ये, नाव नसतंच. असतो तो युजरचा नंबर आणि ग्रुपचा नंबर, यूआयडी आणि जीआयडी. यादीत आपल्याला दिसणारं नाव त्या क्षणी त्या मशीनवरच्या वहीतून शोधून दाखवलेलं असतं. मशीन बदललं की वही बदलते.

आता आकडे पाहा. मॅकवर पहिल्या युजरला ५०१ मिळतो आणि त्याचा ग्रुप असतो ‘स्टाफ’, नंबर २०. डेबियन आणि उबुंटूवर पहिला युजर १०००. रेड हॅटमध्ये सहाव्या आवृत्तीपर्यंत ५००पासून सुरुवात व्हायची, २०१४च्या सातव्या आवृत्तीपासून १०००. सिनॉलॉजीच्या घरगुती स्टोरेज पेटीवर १०२६. शून्य मात्र सगळीकडे एकच, तो रूट. डेबियनमध्ये ‘स्टाफ’ नावाचा ग्रुप आहेच, पण त्याचा नंबर ५०. आणि २० नंबर तिथे डायलआउटचा. माझ्या फाइली मॅकवरचा २० घेऊन गेल्या आणि डेबियनने स्वतःच्या वहीत पाहून त्यापुढे डायलआउट लिहिलं. ५०१ नंबरचा युजर तिथे कुणी नव्हताच, म्हणून आकडा उघडा राहिला.

दोन्हीकडे उबुंटू असलं की ही अडचण दिसत नाही, कारण दोन्हीकडे आपण १०००च असतो. तो योगायोग असतो, आणि तो दुसऱ्या माणसाच्या लॅपटॉपपर्यंतच टिकतो. कारण स्वतःच्या लॅपटॉपवर तोही १०००च असतो.

मग मालकी बदलून का घेत नाही? कारण ते काम रूटचं आहे. फाइलीचा मालक बदलणारी ‘सीएच-ओन’ ही कमांड १९७१च्या पहिल्या युनिक्समध्येही होती. युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह शाखेत मालक स्वतःची फाइल दुसऱ्याच्या नावे करू शकत असे; बीएसडी शाखेने ते बंद केलं आणि लिनक्सने तोच नियम उचलला. कारण सरळ आहे. सर्व्हरवर प्रत्येकाला जागेचा कोटा असेल आणि फाइली दुसऱ्याच्या नावावर करता येत असतील, तर आपला बोजा त्याच्या खात्यावर टाकता येतो. हा नियम योग्य आहे असंच मला वाटतं. पण त्यामुळे साध्या युजरला स्वतःची फाइलसुद्धा मित्राच्या नावे करून देता येत नाही, आणि सिंकच्या बहुतेक अडचणी याच नियमाला येऊन थडकतात.

या सगळ्या प्रश्नाच्या मध्यभागी आरसिंक आहे. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६मध्ये ते लिहिलं. फाइलीचा बदललेला तुकडाच तेवढा तारेवरून पाठवायचा, ही त्यामागची युक्ती. ट्रिजेल यांच्या पीएच.डी.च्या प्रबंधात ती सविस्तर मांडलेली आहे. आजही टिपणं सर्व्हरवर नेण्याची साधी, भरवशाची वाट हीच. पण जिथे तिथे शिकवली जाते ती ‘आरसिंक मायनस ए’ ही कमांड. त्यातला ए म्हणजे आर्काइव्ह. त्या एका अक्षरात सात पर्याय दडलेले आहेत: आतले सगळे फोल्डर घ्या, लिंका जपा, परवानग्या जपा, वेळा जपा, ग्रुप जपा, मालक जपा, डिव्हाइस फाइली जपा. आर्काइव्ह म्हणजे जतन, म्हणजे बॅकअप. बॅकअपमध्ये मालकी जशीच्या तशी जायलाच हवी, कारण उद्या तीच परत आणायची असते. सिंकमध्ये ती न्यायचीच नसते. माझ्या मॅकवर मी कोण आहे, याच्याशी सर्व्हरला काही देणंघेणं नाही. तिथे फाइल कुणाची हे तिथेच ठरायला हवं. या विषयातली निम्मीअधिक दुखणी बॅकअपची कमांड सिंकला वापरल्याने होतात, असं माझं मत झालं आहे. त्या रविवारी मी तेच केलं होतं. बॅकअपसाठी लिहून ठेवलेली कमांड उचलली, त्यात ‘न्युमरिक-आयडीज’ हा पर्याय होता, आणि पलीकडे रूट म्हणून लॉगिन. नावं जुळवू नका, आकडेच लिहा, असं मीच आरसिंकला सांगितलं होतं, आणि रूट असल्यामुळे त्याला ते लिहिताही आलं.

तो पर्याय नसता, तर आरसिंकने आधी नावं जुळवली असती: इकडच्या नावाचा युजर तिकडे असेल तर त्याचा तिकडचा नंबर, नसेल तर नाइलाजाने इकडचाच आकडा. आणि पलीकडे मी रूट नसतो तर मालकी नेण्याचा प्रयत्नच झाला नसता. ज्या युजरने लॉगिन केलं त्याच्या नावावर फाइली पडल्या असत्या आणि आरसिंकने तक्रारही केली नसती. ग्रुपच्या बाबतीत तो युजर ज्या ग्रुपांचा सभासद आहे, तेवढेच त्याला लावता येतात.

हे कळल्यावर मी रूट सोडला आणि साध्या युजरने सिंक सुरू केलं. तेव्हा पडद्यावर नवी ओळ आली: फोल्डरच्या वेळा लावता आल्या नाहीत, ऑपरेशन नॉट परमिटेड, आणि शेवटी कोड २३. ग्रुपला लिहायची परवानगी आहे, मी ग्रुपमध्ये आहे, तरी नकार का? या जागी मी दोन रात्री घालवल्या. फाइलीवर किंवा फोल्डरवर लिहिणं आणि त्याची वेळ हवी ती लावणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. ग्रुपचा सभासद आत लिहू शकतो. पण ‘ही फाइल गेल्या मंगळवारची आहे’ असं लिहिण्याचा अधिकार फक्त मालकाला आणि रूटला. परवानग्या बदलण्याचंही तसंच. सामायिक फोल्डर मित्राच्या नावावर होता आणि माझं आरसिंक त्याची तारीख बदलू पाहत होतं. टिपणं मात्र नीट पोचली होती. फोल्डरांच्या वेळा सोडून द्यायला सांगणारा ‘ओमिट-डिर-टाइम्स’ हा पर्याय लावला आणि ती ओळ गेली.

आरसिंकची आणखी एक सवय मात्र नीट ध्यानात ठेवायला हवी. ते जुन्या फाइलीच्या आत बदल करत नाही. शेजारी, ठिपक्याने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या नावाने, संपूर्ण नवी फाइल लिहितं आणि ती पुरी झाली की जुन्या नावावर आणून बसवतं. मध्येच लाइन तुटली तर अर्धवट टिपण उरू नये, म्हणून ही खबरदारी. पण नवी फाइल म्हणजे नवा इनोड, आणि नव्या इनोडचा मालक तो लिहिणारा. मैत्रिणीच्या नावावरची फाइल माझ्या एका सिंकनंतर माझ्या नावावर होते, तिच्या सिंकनंतर परत तिच्या. त्यासाठी मला त्या फाइलीवर लिहिण्याची परवानगीही लागत नाही, फोल्डरवरची पुरते. कारण नाव बदलणं, पुसणं, नवं बसवणं हे सगळे फोल्डरमधले बदल आहेत. काही एडिटरही सेव्ह करताना असंच करतात. ‘इन-प्लेस’ पर्यायाने हे टाळता येतं, पण मग लाइन तुटल्यावर फाइल अर्धवट राहण्याचा धोका पत्करावा लागतो. टिपणांसाठी तो पत्करू नये.

मालक असा दर सिंकला बदलत राहणार असेल, तर भिस्त ग्रुपवर ठेवावी. सर्व्हरवर एक ग्रुप करायचा, तिघांना त्यात घालायचं, फोल्डर त्या ग्रुपच्या नावे करायचा आणि फोल्डरवर ‘सेट-जीआयडी’ची खूण लावायची. या खुणेमुळे आत जन्मणारी प्रत्येक फाइल आपोआप फोल्डरचा ग्रुप घेते, लिहिणाऱ्याचा नाही, आणि आत तयार होणाऱ्या नव्या फोल्डरांवरही हीच खूण येते. सोबत युमास्क ००२ हवा, म्हणजे ग्रुपची लिहिण्याची परवानगी जन्मतःच कापली जात नाही. नेहमीच्या ०२२मध्ये ती कापली जाते. पन्नास वर्षांत साठलेल्या शहाणपणातला हा सर्वांत उपयोगी भाग आहे, आणि आरसिंकचं ए हे अक्षर नेमकं त्याच्यावरच पाणी फिरवतं. ते उगमाकडच्या परवानग्या आणि ग्रुप जपायला जातं आणि फोल्डरवरची खूण पुसून टाकतं. म्हणून ए सोडून आर, एल, टी एवढीच अक्षरं वापरावीत. आमच्या फोल्डरावर तेव्हापासून हीच तीन अक्षरं आणि तो फोल्डरांच्या वेळांचा पर्याय चालू आहेत.

खूण असलेल्या फोल्डरात बाहेरून ‘एमव्ही’ने हलवलेली फाइल मात्र आपला जुना ग्रुप घेऊनच येते. खूण जन्मणाऱ्या फाइलींना लागू होते, राहायला आलेल्यांना नाही. आमच्या मित्राने एकदा स्वतःच्या होम फोल्डरात केलेली टिपणं अशी हलवली आणि तेवढ्याच फाइली आम्हा दोघांना उघडेनात. कॉपी केल्या असत्या तर हा प्रश्न आला नसता.

ज्यांना एवढं पुरत नाही त्यांच्यासाठी एसीएल आहे. ‘या फोल्डरात काहीही तयार झालं तरी या ग्रुपला लिहिता आलं पाहिजे’ असा नियम ‘सेट-एफ-एसीएल’ने फोल्डरावर लिहून ठेवता येतो आणि मग युमास्कची चिंता उरत नाही. यादीत परवानग्यांच्या शेवटी अधिकची खूण दिसली की एसीएल आहे असं समजावं. तिघांच्या टिपणांना मला त्याची गरज पडली नाही.

विंडोजचा भाग थोडक्यात. तिथे मालकीची पद्धत मुळातच निराळी आहे, आणि विंडोजमधल्या लिनक्सवरून सी ड्राइव्हवरच्या फाइली पाहिल्या, तर साधारणपणे सगळ्यांवर ७७७, म्हणजे सर्वांना सर्व परवानग्या दिसतात. तिथून ‘मायनस ए’ केलं की त्याच परवानग्या सर्व्हरवर येतात. मैत्रिणीच्या टिपणांवर सुरुवातीला त्याच होत्या.

इथवर माणसं लिहिणारी होती. सर्व्हरवरचे प्रोग्रॅमही लिहितात, आणि प्रत्येक प्रोग्रॅम कुठल्या ना कुठल्या युजरच्या नावाने चालतो. २०१६मध्ये फ्रँक कार्लिचेक यांनी सुरू केलेलं नेक्स्टक्लाउड घ्या. डेबियनवर ते वेब सर्व्हरच्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या युजरच्या नावाने फाइली ठेवतं, नंबर ३३. त्याच्या डेटा फोल्डरात आरसिंकने थेट टिपणं टाकली, तर दोन गोष्टी बिघडतात. मालक वेगळा म्हणून त्याला ती बदलता येत नाहीत. आणि त्याच्या डेटाबेसात नोंद नसल्यामुळे ती त्याला दिसतही नाहीत, ‘ओसीसी’च्या फाइल-स्कॅनने नोंद करून द्यावी लागते. ती कमांडही रूटने चालवायची नसते. कॉन्फिग फाइल ज्याच्या मालकीची आहे त्याच युजरने चालवा, असं ती स्वतःच सांगते. माझा निर्णय असा की नेक्स्टक्लाउड वापरायचं असेल तर पुढच्या दाराने जावं. त्याचं सिंक ॲप किंवा वेबडॅव्ह वापरावं, म्हणजे लिहिणारा एकच राहतो आणि मालकीचा प्रश्न उद्भवतच नाही. जॉप्लिनसारखी टिपणांची ॲप्स वेबडॅव्हने जातात, त्यांना हा त्रास म्हणूनच जाणवत नाही. ऑब्सिडियनमध्ये टिपणं मार्कडाउनच्या उघड्या फाइली असतात आणि लोक त्या हव्या त्या मार्गाने सिंक करतात, म्हणून तिथे तो जास्त जाणवतो.

डॉकर आलं की आणखी एक वही वाढते. कंटेनरच्या आत त्याची स्वतःची युजरांची यादी असते, पण बाहेरचा फोल्डर आत जोडलेला असला, तर डिस्कवर आकडा एकच लिहिला जातो. डेबियनवर बेतलेल्या इमेजमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा ३३ असतो आणि अल्पाइनवर बेतलेल्या इमेजमध्ये ८२. जागा वाचवायला कुणी एकीवरून दुसरीवर गेलं की कालपर्यंत चालणारं नेक्स्टक्लाउड आज स्वतःच्याच फाइलींना हात लावू शकत नाही. आतून नाव तेच दिसतं, म्हणून कारण लवकर सापडत नाही. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे जोडायचा फोल्डर आधी तयार केलेलाच नसतो. मग डॉकर तो आपणहून तयार करतं, आणि डॉकर रूटच्या अधिकाराने चालत असल्यामुळे तो रूटच्या नावावर होतो. फोल्डर आधी स्वतः करावा, एवढ्या सवयीने कितीतरी तास वाचतात.

बऱ्याच इमेजांना पीयूआयडी आणि पीजीआयडी असे दोन आकडे देता येतात: ‘या नंबरच्या युजरच्या नावाने चाल.’ ज्यांत ती सोय नाही त्यांना डॉकरचाच ‘युजर’ पर्याय द्यावा. पॉडमन रूटशिवाय चालवलं, तर आतला रूट बाहेर आपणच असतो आणि आतले बाकीचे युजर बाहेर एक लाखाच्या पुढच्या आकड्यांवर दिसतात. फाइलीपुढे १०००३२ असा आकडा पाहून दचकू नये, तो आतला ३३ असतो. २०२१मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल ५.१२पासून फोल्डर जोडतानाच आकड्यांचं भाषांतर करून घेण्याची सोयही झाली आहे. घरगुती वापरात ती अजून फारशी दिसत नाही, पण या प्रश्नाचं मुळाशी जाणारं उत्तर मला तिच्यात दिसतं, कारण डिस्कवरचे आकडे न बदलता प्रत्येकाला आपल्या वहीप्रमाणे फाइल दिसू शकते.

सिंकथिंगने वेगळा विचार केला आहे. त्यात मधला सर्व्हर नसतो, मशीन थेट मशीनशी बोलतं, आणि मालकी मुळात नेलीच जात नाही. ज्या युजरच्या नावाने सिंकथिंग चालतं त्याच्या नावावर फाइली पडतात. २०२२पासून मालकी नेण्याचीही सोय आहे, पण ती आपण मागितली तरच आणि पुरेसा अधिकार असेल तरच. फोनवरच्या किंवा पेन ड्राइव्हवरच्या फाइली असतील तर ‘इग्नोर परमिशन्स’ चालू करावं. एक्सफॅटसारख्या फाइल सिस्टिमवर मालकी आणि परवानग्या लिहायला जागाच नसते. घरी एकट्याची टिपणं असतील आणि मशीन दोन-तीन असतील, तर मी डोळे मिटून सिंकथिंग सुचवेन. फक्त ते सिस्टिम सर्व्हिस म्हणून रूटच्या नावाने चालवू नये.

गिटही मालकी नेत नाही. फाइल चालवण्याजोगी आहे की नाही, एवढीच एक परवानगी ते लक्षात ठेवतं. म्हणून टिपणांसाठी ते फार चांगलं. शिवाय कुणी काय कधी लिहिलं याचा इतिहास मिळतो, आणि आमच्या कामात त्याची फार गरज असते. पण सामायिक रिपॉझिटरी सर्व्हरवर असेल तर तिच्या पोटातल्या फाइलींना मालक असतातच. एकाने पुश केलं की नवे फोल्डर त्याच्या नावावर होतात आणि दुसऱ्याला ‘इनसफिशियंट परमिशन’ ऐकावं लागतं. रिपॉझिटरी करतानाच ‘शेअर्ड ग्रुप’ असं सांगितलं तर हे टळतं. २०२२च्या एप्रिलमध्ये २.३५.२ या आवृत्तीपासून गिट आणखी एक गोष्ट तपासू लागलं: रिपॉझिटरीचा फोल्डर आपल्या मालकीचा नसेल तर ते काम करायला नकार देतं आणि ‘डुबियस ओनरशिप’ म्हणतं. अनेकांना तो छळ वाटला. पण एका मशीनवर अनेक जण असतील, तर दुसऱ्याच्या फोल्डरातली गिटची सेटिंग आपल्या अधिकाराने चालवली जाण्याची वाट त्याने बंद झाली. ‘सेफ डिरेक्टरी’त आपला तेवढा एक फोल्डर नोंदवावा, तारा टाकून सगळे फोल्डर मोकळे करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये.

तो सल्ला ज्या कुळातला, त्याच कुळातला आणखी एक सल्ला म्हणजे ‘सीएच-मॉड मायनस आर ७७७’. कुठेही परमिशन डिनाइड दिसलं की कुणीतरी हे सुचवतंच. त्याने दोन नुकसानं होतात. एक उघड आहे: सर्व्हरवरचा कुठलाही प्रोग्रॅम, एखादं भोक पडलेलं वेब ॲपसुद्धा, आपली टिपणं बदलू शकतं. दुसरं माझ्या एका ओळखीच्या माणसाने भोगलं. त्याने टिपणांसाठी आख्ख्या होम फोल्डरावर ७७७ लावलं आणि लॉगआउट केलं. परत आत जाता येईना. एसएसएचची की बरोबर, सर्व्हर चालू, तरी नकार. एसएसएच सर्व्हर लॉगिनच्या वेळी पाहतो की होम फोल्डर, त्यातला ‘डॉट एसएसएच’ फोल्डर आणि की ठेवलेली फाइल यांवर इतरांना लिहिता येतं का; येत असेल तर त्या कीवर तो विश्वासच ठेवत नाही. लॉगमध्ये ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ असं लिहिलेलं असतं, पण लॉग असतो आत आणि माणूस बाहेर.

वर हा इलाज कित्येकदा लागूही पडत नाही. उबुंटूच्या २१.०४ आवृत्तीपासून नव्या युजरचा होम फोल्डर ७५० असतो, म्हणजे बाहेरच्याला त्यातून पुढे जाताच येत नाही. आत खोलवर असलेल्या टिपणावर ७७७ लावलं तरी वेब सर्व्हर उंबरठ्यावरच अडतो. अशा वेळी ‘नेमआय मायनस एल’ चालवावं. मुळापासून फाइलीपर्यंतच्या वाटेवरच्या प्रत्येक फोल्डराचा मालक आणि परवानग्या ती एकाखाली एक दाखवते. इतकी गुणाची आणि इतकी दुर्लक्षित कमांड दुसरी माझ्या पाहण्यात नाही. सामायिक टिपणं कुणाच्याही होममध्ये न ठेवता ‘एसआरव्ही’खाली ठेवली तर हा प्रसंगच येत नाही.

सीएच-ओनही ‘मायनस आर’ लावून रूटने चालवताना वाट दोनदा वाचावी. चुकून ती ‘यूएसआर’वर चालली, तर सुडोची फाइलही रूटच्या मालकीची राहत नाही आणि सुडो चालायला नकार देतं. म्हणजे चूक दुरुस्त करायला लागणारं हत्यारच हातातून जातं. तरी एकदा तरी सीएच-ओन करावीच लागते; डायलआउटच्या तावडीतून आमची टिपणं त्यानेच सोडवली. पण दर सिंकनंतर ती क्रॉनने चालवणं हा उपाय नाही. सिंक आणि क्रॉन यांच्या मधल्या वेळात कुणीतरी अडतंच, आणि मूळ कमांड चुकीची आहे हे कायमचं झाकलं जातं. मालक ठरवून द्यायचाच असेल तर आरसिंकमध्येच ‘सीएच-ओन’ नावाचा पर्याय २०१३च्या ३.१.० आवृत्तीपासून आहे. पलीकडे रूट असेल तर तो जाताजाताच मालकी लावतो. मॅकसोबत कित्येक वर्षं येणारं आरसिंक मात्र २००६मधलं २.६.९ होतं, त्याला हा पर्याय ठाऊकच नाही. जुन्या मॅकवर नवं आरसिंक वेगळं बसवावं लागतं.

मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती वरून मालकीच्याच दुखण्यासारखी दिसते. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम जोडून एक झालेली चिन्हं सुटी करून साठवत असे. युनिकोडमध्ये आपला ‘ऱ’ एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि ‘र’ अधिक नुक्ता असाही. त्यामुळे ‘दुसऱ्या चौकातली विहीर’ या नावाची फाइल जुन्या मॅकवरून लिनक्सवर गेली आणि तिथे कुणी त्याच नावाने नवी केली, तर एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी दिसतात. एक बदलली तरी दुसरी जुनीच राहते आणि माणूस परवानग्या तपासत बसतो. आरसिंकच्या ‘आयकॉन्व्ह’ पर्यायात मॅकचं यूटीएफ-८ वेगळं सांगता येतं.

बॅकअपची सोय वेगळी ठेवली, तर सिंकमध्ये मालकी सोडून देताना मन चरकत नाही. बॅकअपच्या सर्व्हरवर रूट नसेल तरी आरसिंकचा ‘फेक-सुपर’ पर्याय मूळ मालक आणि परवानग्या फाइलीला जोडलेल्या खास नोंदीत लिहून ठेवतो आणि परत आणताना त्या तिथून वाचतो. ‘मायनस ए’ आणि ‘न्युमरिक-आयडीज’ यांची खरी जागा तिथे आहे. आमचा बॅकअप आता रोज रात्री तसाच होतो.

तुमची टिपणं दूरच्या सर्व्हरवर असतील, तर पुढचं सिंक करण्याआधी दोन्ही टोकांना ‘एलएस मायनस एल एन’ चालवा. त्यातल्या ‘एन’मुळे नावं गळतात आणि खरे आकडे दिसतात. ते आकडे, ग्रुपचं नाव आणि सिंकची नेमकी कमांड एका टिपणात लिहा आणि ते टिपण त्याच फोल्डरात सर्वांत वर ठेवा. आमच्या फोल्डरातलं पहिलं टिपण आज तेच आहे, आणि नव्या माणसाला कामात घेताना वाड्यांची यादी देण्याआधी आम्ही त्याला ते वाचायला देतो.